पहिलं घर घेताय? सातारा-सांगलीत सरकारी सवलतीचा पैसा नेमका कुठे वाचतो

"कर्ज काढा, टॅक्स वाचतो" असं सांगणारे एक भावोजी प्रत्येक घरात असतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्यांचं बरोबरही होतं. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून मात्र पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या वार्षिक पगारावर नव्या करप्रणालीत आयकरच लागत नाही. जो कर लागतच नाही, तो वाचवणार कसा? सातारा-सांगलीत पहिलं घर घेणाऱ्या बऱ्याच नोकरदार कुटुंबांची कमाई या मर्यादेच्या आतली असते. त्यांचा खरा पैसा वाचतो तो खरेदीच्या वेळी, म्हणजे जीएसटीत, मुद्रांक शुल्कात आणि व्याज अनुदानात. आणि या तिन्हींचा निकाल साठेखतावर (बिल्डरशी होणाऱ्या खरेदीच्या करारावर) सही होण्याआधी लागलेला असतो. जुलैत रिटर्न भरताना सीएला विचारून काही उपयोग होत नाही.

आयकराचा हिशेब आधी उरकू

जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या कर्जाचं व्याज वर्षाला २ लाखांपर्यंत वजा होतं, हे कलम २४(ब). मुद्दल ८०सी मध्ये दीड लाखापर्यंत, पण त्या दीड लाखात पीएफ, एलआयसी, मुलांची फी हे सगळेच वाटेकरी. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फीसुद्धा ८०सी मध्येच बसते, ज्या वर्षी भरली त्याच वर्षी. नव्या प्रणालीत राहत्या घरासाठी यातलं काहीही मिळत नाही.

मग जुनी प्रणाली घ्यावी का? घराच्या दोन्ही वजावटी पूर्ण धरल्या, वर आरोग्य विम्याचे २५ हजार धरले आणि दोन्ही प्रणालींत कर काढला (सेस या अधिभारासह) तर चित्र असं दिसतं. पगार १३ लाख असेल तर जुन्या प्रणालीत कर ९१,००० रुपये, नव्यात २६,०००. पगार १५ लाख असेल तर जुन्यात १,४०,४०० आणि नव्यात ९७,५००. पगार २० लाख असला तरी जुन्यात २,९६,४०० आणि नव्यात १,९२,४००. म्हणजे घरकर्जाची पूर्ण वजावट घेऊनही जुनी प्रणाली महागच पडते. नोकरी पुण्यात, तिथे भाड्याची खोली आणि घर साताऱ्यात अशी स्थिती असेल तर एचआरए (पगारातला घरभाडे भत्ता) आणि घराचं व्याज दोन्ही घेता येतं. २० लाखांच्या पगारावर एचआरएची सूट ३ लाख आणि एनपीएस या पेन्शन योजनेचे ५० हजार जोडले, की तेव्हा कुठे जुनी प्रणाली ५,२०० रुपयांनी पुढे जाते. एवढ्यासाठी जास्त कर्ज काढण्यात अर्थ नाही.

घर भाड्याने देणार असाल तर गोष्ट थोडी वेगळी. महिना १० हजार भाडं म्हणजे वर्षाचे १,२०,०००. (घरपट्टी भरली असेल तर ती आधी यातून वजा होते.) त्यातून ३० टक्के थेट वजा होऊन राहिले ८४,०००, आणि नव्या प्रणालीतही या ८४ हजारांपर्यंत व्याज वजा करता येतं. व्याज त्याहून जास्त असेल तर वरचा तोटा पगारातून वळता होत नाही आणि पुढच्या वर्षी ओढताही येत नाही.

घरकर्जाच्या व्याजावरची ८०ईईए कलमाची दीड लाखांची जादा वजावट अजूनही काही माहितीपत्रकांत छापलेली असते. ती फक्त १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ या काळात मंजूर झालेल्या कर्जांना, तीही जुन्या प्रणालीत. आज कर्ज घेणाऱ्याला ती नाही. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाल्याने कलमांचे क्रमांकही बदलले आहेत. ८०सी आता १२३ आहे, २४(ब) चा मजकूर कलम २२ मध्ये गेला. फॉर्मवर जुने आकडे दिसले नाहीत म्हणून घाबरून जाऊ नका.

जीएसटी: ४५ लाखांची रेघ

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर १ एप्रिल २०१९ पासून दोनच दर आहेत. परवडणाऱ्या घराला १ टक्का, बाकी सगळ्यांना ५ टक्के. परवडणारं घर म्हणजे एकूण किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट क्षेत्र (घराच्या आतली वापरायची जागा) महानगरांत ६० चौरस मीटर, इतरत्र ९० चौरस मीटरपर्यंत. सातारा आणि सांगली दोन्ही 'इतरत्र' मध्ये येतात. ९० चौरस मीटर म्हणजे साधारण ९६८ चौरस फूट कार्पेट, बिल्डर सांगतो ते 'सेलेबल' नव्हे. इथल्या बहुतेक टू बीएचके आणि बऱ्याच थ्री बीएचके यात आरामात बसतात.

गोम किमतीत आहे. ४५ लाखांत फक्त फ्लॅटचा दर धरत नाहीत. पार्किंगचे पैसे, डेव्हलपमेंट चार्जेस, सामाईक सुविधांचे पैसे, वरचा मजला किंवा रस्त्याकडची बाजू म्हणून घेतलेली जादा रक्कम, सगळं मिळून ४५ लाख. फ्लॅट ४३ लाखांचा ठरला, वर पार्किंग दीड लाख आणि डेव्हलपमेंट एक लाख लावलं, की बेरीज साडेपंचेचाळीस होते आणि ५ टक्क्यांनी २,२७,५०० रुपये जीएसटी बसतो. तीच बेरीज ४५ वर थांबली असती तर ४५,०००. पन्नास हजारांच्या फरकापायी १,८२,५०० जादा जातात. बिल्डरला ही रेघ माहीत असते. दरपत्रक मागताना 'सगळं धरून, टॅक्स सोडून' एक आकडा लेखी मागा आणि तो रेघेच्या आसपास असेल तर घासाघीस तिथेच करा. पन्नास हजार सोडायला बिल्डर तयार होतो, कारण बुकिंग त्याला हवं असतं.

भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) मिळालेल्या तयार फ्लॅटवर जीएसटी नाही. पण अट पक्की आहे, की संपूर्ण मोबदला प्रमाणपत्रानंतर दिलेला असला पाहिजे. प्रमाणपत्र यायला महिना उरला असताना बुकिंगचे ५१ हजार दिलेत, तर पूर्ण किमतीवर जीएसटी लागू होतो. "महिन्याभरात ओसी येतंय, टोकन देऊन ठेवा" असं कुणी म्हणालं तर उत्तर एकच, ओसी आल्यावर देतो.

मुद्रांक शुल्क: कागदावर नाव कुणाचं?

सांगली-मिरज-कुपवाड महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ५ टक्के आणि त्यावर १ टक्का स्थानिक अधिभार, एकूण ६ टक्के. पुण्यासारखा मेट्रोचा अधिभार इथे नाही. नगरपरिषद आणि ग्रामपंचायत हद्दीत बेरीज वेगळी येऊ शकते. साताऱ्यात २०२० च्या हद्दवाढीत शाहूपुरी, विलासपूर असे भाग नगरपरिषदेत आले. जुन्या कागदांवर तिथे ग्रामपंचायतच लिहिलेली असते, पण शुल्क आजच्या हद्दीप्रमाणे लागतं. सांगलीला लागून असलेल्या माधवनगर, बुधगावकडे घर बघत असाल तर हद्द नेमकी कुठे संपते ते आधी पाहा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मुद्रांक शुल्काचं गणकयंत्र आहे, त्यात हद्द निवडून आकडा स्वतः काढा. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही.

शुल्क कशावर लागतं? ठरलेली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारी दरांनी येणारी) किंमत, यातली जी जास्त असेल तिच्यावर. रेडी रेकनरचे दर साधारणपणे १ एप्रिलला बदलतात, म्हणून मार्चअखेर दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते. स्वस्तात मिळालेल्या घराला आणखी एक काटा आहे. समजा सौदा ३० लाखांना झाला आणि रेडी रेकनर ३४ लाख म्हणतो. फरक ४ लाख, म्हणजे सौद्याच्या १० टक्क्यांहून जास्त. मग शुल्क ३४ लाखांवर भरायचं, आणि शिवाय हे ४ लाख तुमचं 'इतर उत्पन्न' धरून त्यावर आयकर. फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर आयकराचा त्रास नाही.

आता सवलत. १ एप्रिल २०२१ पासून राज्यात निवासी घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते. सांगलीत ६ ऐवजी ५ टक्के. सुरुवातीला 'पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही' अशी अट होती, ती २०२३ मध्ये काढली. 'फक्त महिला' हे शब्द मात्र तसेच आहेत. पत्नी एकटी, आई एकटी, सासू-सून दोघी मिळून, हे सगळं चालतं. त्यात पतीचं नाव आलं की सूट गेली, निम्मीसुद्धा मिळत नाही. फ्लॅट, रो हाऊस, बंगला याला सूट आहे. मोकळ्या प्लॉटला आणि दुकानगाळ्याला नाही.

ही सूट बहुतेकदा चुकते ती टायपिंगच्या टेबलावर. बुकिंग फॉर्मवर पती-पत्नी दोघांनी सही केलेली असते, बिल्डरचा माणूस तोच फॉर्म बघून मसुदा करतो, 'लिहून घेणार' (म्हणजे खरेदीदार) या रकान्यात 'श्री. अमुक व सौ. अमुक' पडतं, चलन त्याच आकड्याचं निघतं आणि नोंदणीच्या दिवशी कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून बुकिंग फॉर्मच एका नावाने भरा. मसुदा नोंदणीच्या किमान आठवडाभर आधी मागून घ्या. त्यात तीन गोष्टी तपासा: लिहून घेणार फक्त महिला आहे का, महिला सवलतीचा उल्लेख दस्तात आहे का, आणि चलनावरची शुल्काची रक्कम ५ टक्क्यांची आहे की ६ ची. साठेखतावरच पूर्ण शुल्क भरलं जातं, त्यामुळे 'खरेदीखताला बघू' म्हणून सोडलं तर वेळ निघून गेलेली असते.

पण मग पतीची आयकर वजावट? घराच्या कागदावर नाव नसेल तर हप्ते कुणीही भरले तरी वजावट नाही, हा नियम कडक आहे. वडिलांच्या नावावरच्या घराचे हप्ते मुलगा भरतो आणि रिटर्नमध्ये वजावट लावतो, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ याच नियमात अडकतो. वजावट हवी तर घराच्या कागदावर आणि कर्जाच्या कागदावर, दोन्हीकडे नाव लागतं. दोघं सहमालक आणि सहकर्जदार असतील तर दोघांना स्वतंत्र २ लाख आणि स्वतंत्र दीड लाख मिळतात, अर्थात जुन्या प्रणालीत. वरचा हिशेब पाहिला तर त्या वजावटीची किंमत आज बहुतेकांसाठी शून्य आहे, आणि ३२ लाखांच्या घरावर महिला सवलतीचे ३२ हजार रोख आहेत. आमच्या मते नव्या प्रणालीत असलेल्या कुटुंबाने पत्नीच्या एकटीच्या नावाचा विचार आधी करावा. तिला पगार नसला तरी बँक पतीला सहकर्जदार म्हणून घेते, त्यासाठी त्याचं नाव मालक म्हणून असावं लागत नाही. मालकी कुणाची हा प्रश्न अर्थात करापुरता नसतो, तेव्हा तो दोघांनी घरी बसून सोडवावा, बिल्डरच्या टेबलावर नव्हे.

व्याज अनुदान: सगळ्यात मोठी रक्कम

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० ही १ सप्टेंबर २०२४ पासून आहे. तिच्यातल्या व्याज अनुदान घटकात कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर, १२ वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी, ४ टक्के व्याज सरकार सोसतं. एकूण जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये, पाच वार्षिक हप्त्यांत थेट कर्जखात्यात. जुन्या योजनेचे '२ लाख ६७ हजार' अजून एजंटांच्या तोंडात आहेत. ती योजना २०२२ मध्ये संपली.

अटी अशा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत. कर्ज २५ लाखांपर्यंत. कार्पेट १२० चौरस मीटरपर्यंत. कर्ज १ सप्टेंबर २०२४ किंवा त्यानंतर मंजूर होऊन वितरित झालेलं. कुटुंबात कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको आणि गेल्या २० वर्षांत कुठल्याही सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नको. घर कुटुंबातल्या महिलेच्या नावावर किंवा तिच्यासह असावं, ही इथलीही अपेक्षा आहे. म्हणजे मुद्रांक सवलतीसाठी घेतलेला निर्णय इथेही कामाला येतो. आणि ज्याचं उत्पन्न ९ लाखांच्या आत आहे त्याला नव्या प्रणालीत आयकर नाही, त्यामुळे वजावट गमावल्याचं दुःखही नाही.

कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं. लग्न झालेल्या मुलाला वडिलांच्या नावावरचं गावाकडचं घर आड येत नाही. आड येतो तो ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ चा, म्हणजे घराच्या नोंदीचा उतारा. वडील गेल्यावर वारसनोंद होऊन भावंडांबरोबर तुमचंही नाव त्या उताऱ्यावर चढलेलं असतं आणि तुम्हाला त्याचा पत्ताच नसतो. अर्ज करण्याआधी गावातून ताजा उतारा काढून आणा. नाव असेल तर काय करायचं ते वकिलाशी बोलून आधी ठरवा. 'घर नाही' असं खोटं प्रतिज्ञापत्र देऊ नका, अनुदान परत घेतलं जाऊ शकतं.

आईच्या नावावर घर घेताना हे विशेष बघा. मुद्रांकाची सूट तिला मिळेल, पण गावचं पक्कं घर तिच्या नावावर असेल तर अनुदान मिळणार नाही.

कर्जाच्या २५ लाखांच्या मर्यादेवर डोळा ठेवा. कर्जाला जोडून विम्याचा एकरकमी हप्ता विकला जातो आणि तो कर्जातच मिळवला जातो. २४ लाख ७० हजारांचं कर्ज त्यामुळे २५ च्या वर गेलं तर सगळंच हुकेल. मंजुरीपत्र हातात आलं की एकूण मंजूर रक्कम वाचा. विमा हवाच असेल तर वेगळा घ्या.

अर्ज योजनेच्या संकेतस्थळावर स्वतः करता येतो. राज्य, उत्पन्न आणि घटक निवडायचा, आधार क्रमांकावर ओटीपी येतो, मग कुटुंबातल्या प्रत्येकाचा आधार तपशील भरायचा. सोबत उत्पन्नाचा पुरावा आणि आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं. नाव आणि जन्मतारीख आधारवर जशी आहे अगदी तशीच भरा. लग्नानंतर आधारवर आडनाव बदललं आणि पॅनवर माहेरचंच राहिलं, एवढ्यानेही अर्ज अडतो, म्हणून हे आधी जुळवून घ्या. अनुदानाचा दावा पुढे बँक केंद्रीय नोडल संस्थेकडे करते, आणि राष्ट्रीय आवास बँक, हुडको व स्टेट बँक या त्या संस्था आहेत. तुमची बँक यातल्या एखाद्या संस्थेशी जोडलेली आहे का हे कर्जाचा अर्ज देण्याआधी विचारा. पतसंस्थेकडून किंवा नोकरदारांच्या सोसायटीकडून घेतलेल्या कर्जाला अनुदान मिळेल असं गृहीत धरू नका. ८०सी ची मुद्दलाची वजावटही कायद्यात नमूद केलेल्या कर्जदात्यांपुरतीच आहे. नातेवाइकाकडून घेतलेल्या पैशाचं व्याज प्रमाणपत्रासह वजा होऊ शकतं, मुद्दल नाही.

आणखी एक अट हप्ते यायला लागल्यावर आठवते. अनुदानाचा प्रत्येक हप्ता येताना कर्ज चालू असलं पाहिजे आणि मुद्दलाची निम्म्याहून जास्त रक्कम बाकी असली पाहिजे. ऊसबिल आलं, बोनस आला म्हणून दुसऱ्याच वर्षी निम्मं कर्ज फेडून टाकलं तर पुढचे हप्ते बंद. वर्षाला साधारण ३६ हजारांचा प्रश्न आहे, तेव्हा मोठी आगाऊ फेड पाच हप्ते जमा झाल्यावर करा. कर्ज ८ लाखांपेक्षा कमी किंवा मुदत आखूड असेल तर अनुदानही त्या मानाने कमी येतं.

एक पूर्ण हिशेब

सांगलीच्या विश्रामबागमध्ये बांधकाम चालू असलेला टू बीएचके, ६५० चौरस फूट कार्पेट, सगळं धरून ३२ लाख असं उदाहरण घेऊ. रेडी रेकनर त्याहून कमी, पत्नीच्या नावावर खरेदी, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाख. जीएसटी १ टक्क्याने ३२,०००. मुद्रांक ५ टक्क्यांनी १,६०,०००. नोंदणी फी ३०,०००. म्हणजे किमतीवर २,२२,०००. कर्ज २५ लाख घेतलं तर स्वतःच्या खिशातून ७ लाख अधिक हे २,२२,०००, एकूण ९ लाख २२ हजार तयार हवेत. मुद्रांक, नोंदणी आणि जीएसटी कर्जात बसवून देतो असं कुणी म्हटलं तरी त्यावर योजना आखू नका. १० लाखांवरच्या घरांसाठी बँका कर्जाचं प्रमाण काढताना मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च घराच्या किमतीत धरत नाहीत. पुढे पाच वर्षांत अनुदानाचे १,८०,००० येतील. हेच घर दोघांच्या नावावर, अनुदानाचा अर्ज न करता घेतलं असतं तर २,१२,००० रुपये जादा गेले असते.

कामाचा क्रम

क्रम चुकला की सवलत जाते, म्हणून तो असा ठेवा. आधी गावाकडचा नमुना ८ आणि कुटुंबाची कागदपत्रं तपासून अनुदानाला पात्र आहात का ते ठरवा. मग बँकेत जाऊन किती कर्ज मिळेल ते लेखी घ्या. त्यानंतर घर. नाव कुणाचं ते बुकिंगआधी पक्कं करा. महारेराच्या (राज्यातल्या गृहप्रकल्पांच्या नियामकाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकून मंजूर नकाशा, पूर्ण होण्याची तारीख आणि दावे पाहा. जागा ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर नोंदणी सक्तीची नाही. आपल्याकडे सहा-आठ फ्लॅटच्या लहान इमारती बऱ्याच होतात, त्या या कक्षेबाहेर राहू शकतात. तिथे वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (जागेच्या मालकीच्या तपासणीचा अहवाल) आणि बांधकाम परवाना स्वतः बघण्याला पर्याय नाही. रेराच्या प्रकल्पात करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डर घेऊ शकत नाही. रोखीत २० हजार किंवा त्याहून जास्त देऊ नका, घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो आणि तुमच्याकडे त्या रकमेचा पुरावा राहत नाही.

साठेखत सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदवायचं. नोंदणी झाली की इंडेक्स टूची (नोंदणी झालेल्या दस्ताच्या सरकारी उताऱ्याची) प्रत लगेच काढून नाव, क्षेत्र आणि रक्कम वाचा. घर ५० लाख किंवा त्याहून महाग असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस (त्याच्या आयकरापोटीची रक्कम) कापून ठरलेल्या फॉर्मने भरणं ही तुमची जबाबदारी असते. मुदत त्या महिन्याच्या अखेरीनंतर ३० दिवस.

नदीकाठी सांगलीत आणि कराडमध्ये पूररेषेचा नकाशाही याच टप्प्यात बघा. २०१९ आणि २०२१ ला कुठपर्यंत पाणी आलं होतं ते शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारलं तर नकाशापेक्षा लवकर कळतं.

प्लॉट घेऊन घर बांधणाऱ्यांसाठी

मोकळ्या एनए (बिगरशेती) प्लॉटच्या खरेदीवर जीएसटी नाही, पण महिला सवलतही नाही. नुसत्या प्लॉटच्या कर्जाला आयकरात वजावट नाही. घर बांधून पूर्ण झालं तरच व्याज धरलं जातं, आणि तेही कर्ज घेतलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत पूर्ण झालं तर. उशीर झाला की २ लाखांची मर्यादा ३० हजारांवर येते. बांधकाम काळातलं व्याज पूर्ण झालेल्या वर्षापासून पाच समान हप्त्यांत मिळतं, पण त्याच २ लाखांच्या आत. हे सगळं जुन्या प्रणालीतच.

जीएसटीत इथे एक सोय आहे. स्वतःचं एकच घर बांधताना साहित्य स्वतः आणून मिस्त्रीला किंवा ठेकेदाराला फक्त मजुरीचा ठेका दिला तर त्या मजुरीवर जीएसटी माफ आहे. साहित्यासह ठेका जीएसटी नोंदणी असलेल्या ठेकेदाराला दिला तर बिलावर १८ टक्के. ठेक्याच्या कागदावर 'फक्त मजुरी' स्पष्ट लिहा. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे, तेव्हा जुन्या अंदाजपत्रकावरून भाव ठरवू नका.

सांगलीत गुंठेवारीतला (शेतजमिनीचे गुंठ्यांत तुकडे पाडून विकलेला) प्लॉट स्वस्त मिळतो. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित केल्याचं प्रमाणपत्र नसेल तर बँक कर्ज देताना अडते, आणि कर्ज नाही म्हणजे व्याज अनुदानही नाही. स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्या ३ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबासाठी त्याच योजनेत वेगळा घटक आहे. त्यात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे १ लाख बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे मिळतात. त्यासाठी जागा नावावर हवी, आणि चौकशी नगरपरिषदेत किंवा महापालिकेत.

जमीन विकून घर घेत असाल तर

गावाकडची शेती विकून शहरात फ्लॅट घेणारे इथे कमी नाहीत. महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या हद्दीपासून ठरावीक हवाई अंतराबाहेरची शेतजमीन भांडवली मालमत्ता धरत नाहीत, त्यामुळे तिच्यावर भांडवली नफ्याचा कर नाही. लोकसंख्या १ ते १० लाख असेल तर हे अंतर ६ किलोमीटर. सातारा आणि सांगली दोन्ही या गटात येतात. त्याच्या आतली जमीन किंवा एनए प्लॉट विकला तर कर लागतो, पण विक्रीची निव्वळ रक्कम राहत्या घरात गुंतवली तर जुन्या ५४एफ कलमाच्या तरतुदीखाली तो माफ होतो. खरेदी विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत, बांधकाम असेल तर तीन वर्षांत. ही सवलत नव्या करप्रणालीतही मिळते. रिटर्नच्या मुदतीपर्यंत घर झालं नसेल तर पैसे बचत खात्यात पडून राहू देऊ नका, बँकेत भांडवली नफा खातं उघडून त्यात भरा. आणि इथे मात्र नावाची गोष्ट उलटी फिरते. जमीन ज्याच्या नावावर होती त्याच्याच नावावर घर घ्या, पत्नीच्या नावावर घेतलं तर खात्याशी वाद ओढवून घेताय असं समजा. मुद्रांकाचे ३२ हजार वाचवायला जाऊन लाखोंचा कर अंगावर येऊ शकतो.

ताबा घेतल्यावर दोन कामं राहतात. घरपट्टीला नाव लावून घ्या, आणि जुन्या प्रणालीत ८०सी ची वजावट घेतली असेल तर ताब्याच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षं घर विकू नका. विकलंत तर मुद्दलापोटी आजवर घेतलेली सगळी वजावट त्या वर्षीच्या उत्पन्नात परत मिळवली जाते.